पाचवी पिढी कुठून आली?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली चार पत्रं एकाच वाटेवरची निघाली, म्हणून ती एकत्र घेते आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी १९७३ साली मुंबईत फोर्टमधल्या एका कचेरीत पंच ऑपरेटर, म्हणजे संगणकासाठी कार्डांना भोकं पाडणारी, म्हणून लागले, पुढे प्रोग्रॅमर झाले आणि निवृत्त होईपर्यंत संगणक विभागातच राहिले. त्यामुळे पत्रांत ज्या यंत्रांचा उल्लेख आहे त्यांतल्या काहींजवळ मी बसलेली आहे. बाकीच्यांची माहिती वाचून आणि वरिष्ठांकडून ऐकून मिळवली.

प्रश्न : मी कराडजवळच्या शाळेत माहिती तंत्रज्ञान शिकवतो. संगणकाच्या पिढ्यांचा तक्ता असा आहे : पहिली व्हॅक्यूम ट्यूबची, १९५६ पर्यंत, दुसरी ट्रान्झिस्टरची, १९६३ पर्यंत, तिसरी आयसीची (एकाच चिपवर अनेक घटक), १९७१ पर्यंत, चौथी मायक्रोप्रोसेसरची (एका चिपवर अख्खा प्रोसेसर), आजपर्यंत, आणि पाचवी कृत्रिम बुद्धिमत्तेची, आजची आणि उद्याची. एका मुलीनं विचारलं, "सर, चौथी आणि पाचवी दोन्ही आजच्या कशा? आणि मुंबईत तयार झालेला टिफ्रॅक १९६० चा, म्हणजे तो दुसऱ्या पिढीतला का?" मला उत्तर देता आलं नाही. परीक्षेत मुलांनी काय लिहावं?

सर, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. तिनं तक्त्यातल्या दोन्ही कच्च्या जागांवर नेमकं बोट ठेवलं आहे.

आधी टिफ्रॅक. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली हे यंत्र बांधलं गेलं. १९५६ मध्ये एक छोटं प्रायोगिक यंत्र चालू झालं, १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागलं, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. हे सगळं अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात बसवलं होतं. ट्यूबवर चालणारं, म्हणून ते पहिल्या पिढीतलं. साल १९६० असलं तरी पहिल्याच पिढीतलं. पिढी ठरते ती आतल्या घटकावरून. तक्त्यातली सालं अमेरिकेत तो घटक केव्हा मागे पडला याची आहेत. ती मुंबईला लावली की मुलं गोंधळणारच.

गंमत म्हणजे टिफ्रॅकची स्मृती मात्र फेराइट कोअरची, म्हणजे बारीक चुंबकी कड्यांची होती, त्या काळी अगदी नवी. म्हणजे एकाच सांगाड्यात जुनं आणि नवं शेजारी शेजारी. तक्त्यात याला रकाना नाही.

मुलांना तारखा पाठ करायला लावण्यापेक्षा एक प्रश्न द्या : आधीच्या घटकाचं नेमकं काय दुखत होतं? माझ्या मते सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे.

ट्यूबचं, म्हणजेच व्हॉल्व्हचं, दुखणं घरातल्या मोठ्यांना माहीत असेल. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की गरम होईपर्यंत वाट पाहावी लागायची, आणि कधीतरी एखादा व्हॉल्व्ह जायचा. आतली तार तापवल्याशिवाय ट्यूब चालतच नाही. रेडिओत असे पाच-सहा व्हॉल्व्ह. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एकर्ट आणि मॉकली यांनी बांधलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० होते आणि यंत्राचं वजन तीस टनांच्या घरात होतं. १९४६ मध्ये ते जगासमोर आलं. यंत्र बंद करून पुन्हा चालू करताना ट्यूब जास्त जात, कारण थंड तार एकदम तापते. म्हणून ते शक्यतो बंदच करत नसत.

ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मला. त्याला तापवावं लागत नाही, तो छोटा असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. मग दुखणं संपलं का? नाही, ते सरकलं. ट्रान्झिस्टरला तीन पाय. प्रत्येक पाय सोल्डर करायचा. यंत्रात हजारो ट्रान्झिस्टर, शिवाय डायोड आणि रेझिस्टर, म्हणजे जोड लाखाच्या हिशेबात. ट्रान्झिस्टर शाबूत आणि जोड सुटलेला, असं होऊ लागलं. मी ज्या यंत्रावर काम केलं त्याचा देखभाल इंजिनिअर बिघाड झाला की पहिल्यांदा यंत्रातलं घटक जोडलेलं सर्किटचं कार्ड उपसून परत घट्ट बसवायचा, आणि बऱ्याचदा तेवढ्यानंच यंत्र सुरू व्हायचं. दोष घटकात नसून जोडात असे.

आयसीचं मोठेपण इथे आहे. १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी दाखवलं की सगळे घटक एकाच तुकड्यात घडवता येतात, आणि १९५९ मध्ये रॉबर्ट नॉइस यांनी त्यांच्यातले जोडही त्याच तुकड्यावर घडवण्याची रीत मांडली. पुस्तकं "आकार लहान झाला" असं सांगतात. ते खरं आहे, पण "जोडच नाहीसे झाले" हे जास्त खरं आहे. आणखी एक : तिसऱ्या पिढीचा नमुना म्हणून ज्याचं नाव घेतात त्या आयबीएम ३६० मालिकेत (घोषणा ७ एप्रिल १९६४) पुरती आयसी नव्हतीच. सिरॅमिकच्या चकतीवर सुटे ट्रान्झिस्टर बसवलेली मधली तडजोड होती. तरीही तिला तिसऱ्या पिढीत घालतात, कारण लहान-मोठ्या सगळ्या यंत्रांवर एकच प्रोग्रॅम चालावा ही कल्पना त्या मालिकेनं रुजवली. म्हणजे इथे तर पिढी घटकावरूनसुद्धा ठरली नाही.

चौथ्या पिढीसाठी वर्गात फळ्यावर दोनच आकडे लिहा. टिफ्रॅक, १९६० : २,७०० ट्यूब. इंटेल ४००४ हा मायक्रोप्रोसेसर, नोव्हेंबर १९७१ : २,३०० ट्रान्झिस्टर. एकाची लांबी अठरा फूट. दुसऱ्याची चकती साधारण तीन मिलिमीटर बाय चार मिलिमीटर. मध्ये फक्त अकरा वर्षं. ही तुलना काटेकोर नाही हेही सांगा. टिफ्रॅक एका वेळी ४० बिटांचा (बिट म्हणजे एक किंवा शून्य) शब्द हाताळायचा आणि ४००४ फक्त ४ बिटांचा, कारण तो एका जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी बनला होता. तरीही मुलांचे डोळे विस्फारतील. माझे आजही विस्फारतात.

आता पाचवी. पहिल्या चारांप्रमाणे हे नाव मागाहून पडलेलं नाही, ते आधी ठेवलं गेलं. १९८२ मध्ये जपान सरकारच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयानं दहा वर्षांचा एक प्रकल्प हाती घेतला आणि त्याचं नावच "पाचव्या पिढीची संगणक प्रणाली" असं ठेवलं. टोकियोतल्या संस्थेत काझुहिरो फुची त्याचे प्रमुख होते. तर्कशास्त्रावर आधारलेल्या प्रोलॉगच्या धर्तीच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, समांतर चालणारे अनेक प्रोसेसर, माणसाशी बोलणारं आणि अनुमान काढणारं यंत्र, असं ते स्वप्न होतं. जगभर खळबळ उडाली. मला आठवतं, आमच्या विभागात जेवणाच्या सुट्टीत याच्यावर वाद व्हायचे आणि मी आशेनं ऐकत राहायची. १९९२ मध्ये प्रकल्पाची मुदत संपली. अनुमान काढणारी समांतर यंत्रं तयार झाली, पण ती बाजारात रुजली नाहीत. साधे मायक्रोप्रोसेसर इतक्या झपाट्यानं वेगवान आणि स्वस्त होत गेले की खास यंत्राची गरज वाटेना.

पण तोवर पाठ्यपुस्तकं लिहून झाली होती आणि पाचवा रकाना तसाच राहिला. आज ज्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो ती बहुतांशी वेगळ्या वाटेनं आली. नियम सांगून नव्हे, तर प्रचंड उदाहरणं दाखवून, आणि मुळात चित्रं रंगवण्यासाठी बनलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरवर. हे प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनच्याच चिप्स. घटक बदललेलाच नाही. म्हणून चौथी आणि पाचवी दोन्ही "आजच्या" दिसतात.

परीक्षेत मुलांनी पुस्तकात आहे तेच लिहावं. त्यांचे गुण माझ्या मतापायी जायला नकोत. पण टिफ्रॅक विचारला तर बेधडक "पहिली पिढी, कारण व्हॅक्यूम ट्यूब" असं लिहायला सांगा. कारण लिहिलं की कुठलाही परीक्षक ते खोडणार नाही.

प्रश्न : आमचं इचलकरंजीत यंत्रमागाचं घर आहे. नातू म्हणतो, पूर्वी कॉम्प्युटरची मेमरी विणत असत. मला ही थाप वाटते.

ताई, थाप नाही. आणि ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाच्या बारीक कड्या असतात, मोहरीएवढ्या किंवा त्याहूनही लहान. चौकटीत उभ्या तारा म्हणजे तुमचा ताणा आणि आडव्या तारा म्हणजे बाणा. जिथे उभी आणि आडवी तार एकमेकींना ओलांडतात तिथे एक कडी, दोन्ही तारा तिच्यातून ओवलेल्या. कडीचं चुंबकत्व एका दिशेला असलं तर एक, उलट दिशेला असलं तर शून्य.

एवढ्या कड्यांतली एकच कशी उलटवायची? एका उभ्या तारेतून अर्धा प्रवाह सोडायचा आणि एका आडव्या तारेतून अर्धा. ज्या कडीतून दोन्ही तारा जातात तिथेच तो पुरा होतो आणि ती उलटते. बाकीच्यांना अर्धाच धक्का बसतो, त्या जागच्या हलत नाहीत. वाचण्याची तऱ्हा तर याहून विलक्षण. कडी शून्याकडे ढकलून पाहायची. उलटली तर तिच्यातूनच जाणाऱ्या आणखी एका तारेत इवलासा झटका उमटतो, म्हणजे आधी "एक" होता. पण वाचता वाचता तो पुसला गेला, म्हणून लगेच परत लिहायचा. प्रत्येक वेळी, न चुकता.

टिफ्रॅकमध्ये ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. गुणाकार करून पाहा, ८१,९२० बिट होतात आणि प्रत्येक बिटाला एक कडी. परदेशातल्या कारखान्यांत हे ओवण्याचं काम मुख्यतः बायका करत. सुई, भिंग आणि स्थिर हात. यंत्र बांधणाऱ्यांची नावं पुस्तकात आली, या बायकांची आली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. एनिॲकवर पहिले प्रोग्रॅम बसवणाऱ्या सहा जणींचीही नावं कितीतरी वर्षं कुणी घेतली नाहीत. केथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. मी ती मुद्दाम पूर्ण लिहिते आहे.

नातवाला मागाचं आणखी एक नातं सांगा. फ्रान्समध्ये जॅकारनं १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उठवणारा माग बनवला. कुठला धागा उचलायचा ते भोकावरून ठरायचं. भोकात माहिती साठवण्याची तीच कल्पना घेऊन हर्मन हॉलरिथनं अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी कार्डं वापरली. त्या कार्डांच्या वंशातल्या कार्डांवर माझी नोकरी सुरू झाली. म्हणजे तुमचा आणि माझा धंदा लांबच्या नात्यातला.

प्रश्न : मी नागपूरचा निवृत्त बँक कर्मचारी. १९८० नंतरच्या दशकात आम्ही संगणकाविरुद्ध निदर्शनं केली. आता नातवंडं मोबाइलवरून पैसे पाठवतात आणि मला हसतात. आमचं चुकलं होतं का?

नाही, असं मला मनापासून वाटतं. आणि मी यंत्राच्या बाजूला बसलेली होते.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या मजल्यावर कॉम्प्टिस्ट मुलींची एक रांग होती. कॉम्प्टोमीटर या बेरजेच्या यंत्रावर कळांकडे न बघता बेरजा करणाऱ्या. त्यांची बोटं चालताना पाहणं हा एक सोहळा असायचा. पगारपत्रक संगणकावर गेलं आणि तीन वर्षांत ती रांग संपली. काही जणी पंचिंगला आल्या, काहींना फाइलिंगला टाकलं. त्यांच्यातल्या एकीनं मला डब्यातली भाकरी देता देता विचारलं होतं, "तुझं मशीन बेरीज चुकतं का गं कधी?" मी "नाही" म्हणाले. ती गप्प बसली. पुढे संगणकाला थेट जोडलेले, पडदा आणि कळफलक असलेले टर्मिनल आले आणि पंचिंगही संपलं. मी तोवर प्रोग्रॅमिंग शिकले होते म्हणून तरले. माझ्या शेजारची जी शिकू शकली नाही, तिचा दोष नव्हता.

तुमचा विरोध एकट्याचा नव्हता. १९६० च्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक इमारतीत येऊ नये म्हणून पहारे दिले. सरकारनं प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनावर समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांत १९८३ मध्ये व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल आला आणि मग शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारी, यंत्रं आली. तुम्ही अडून बसलात म्हणून बोलणी झाली, आणि बोलणी झाली म्हणून किती यंत्रं, कुठे आणि कुणाच्या संमतीनं हे कागदावर आलं. माझ्या मजल्यावरच्या कॉम्प्टिस्ट मुलींना कुणी काही विचारलंच नव्हतं.

पिढ्यांचा तक्ता तुमच्या खुर्चीवरून पाहिला तर वेगळाच दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं यंत्र मुख्य कचेरीत, काचेच्या थंडगार खोलीत असायचं. तुमच्यापर्यंत यायचे ते फक्त त्याचे छापील कागद. मायक्रोप्रोसेसर आला आणि यंत्र तुमच्या काउंटरवर येऊन बसलं. १९८१ चा आयबीएम पीसी आणि त्याच्या नकला टेबलावर मावत होत्या. म्हणून भीती त्याच दशकात घरोघरी पोचली. नातवंडांना हे सांगा, ती हसणार नाहीत.

ग्राहक म्हणून मी आज घरबसल्या पेन्शन पाहते आणि त्याचा मला आनंद आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत जाड कागदाची दीडशेक कार्डं सापडली. एक कोपरा कापलेला, अंगभर चौकोनी बारीक भोकं. वरच्या कडेवर काहीच छापलेलं नाही. एका कार्डाच्या पहिल्या पाच रकान्यांत अशी भोकं आहेत : वरून दुसऱ्या कोऱ्या ओळीत आणि ७ वर; दुसऱ्या ओळीत आणि ६ वर; परत तसंच, ६ वर; दुसऱ्या ओळीत आणि ५ वर; सगळ्यांत वरच्या ओळीत आणि १ वर. हे वाचता येतं का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सातारा)

येतं, आणि तू इतकं नीट लिहून पाठवलंस म्हणून मला कार्ड न बघता वाचता आलं.

कार्डाला ८० रकाने असतात आणि प्रत्येकात बारा जागा. ० ते ९ छापलेले, त्यांच्या वर दोन कोऱ्या ओळी. सगळ्यांत वरची बारावी, तिच्याखालची अकरावी. अंकासाठी एकच भोक. अक्षरासाठी दोन : बारावीसोबत १ ते ९ म्हणजे इंग्रजी ए ते आय, अकरावीसोबत १ ते ९ म्हणजे जे ते आर, शून्यासोबत २ ते ९ म्हणजे एस ते झेड. आता तुझे रकाने लाव. अकरावी-७ म्हणजे पी. अकरावी-६ म्हणजे ओ. पुन्हा ओ. अकरावी-५ म्हणजे एन. बारावी-१ म्हणजे ए. पी-ओ-ओ-एन-ए. आपलं पुणं, त्या काळी इंग्रजीत जसं लिहायचे तसं.

पहिल्या पाच रकान्यांतच गावाचं नाव आहे, म्हणून मला वाटतं ही पत्त्यांची किंवा शाखांची यादी असावी. शेवटचे आठ रकाने, ७३ ते ८०, बघ. तिथे चढते अंक असले तर तो क्रमांक आहे. हा क्रमांक का लागतो ते मी जन्मात विसरणार नाही. १९७५ च्या पावसाळ्यात माझ्या हातून जवळजवळ दोन हजार कार्डांचा ट्रे जिन्यावर सांडला. क्रमांक पंच केलेले होते म्हणून सॉर्टर या कार्डं क्रमानं लावणाऱ्या यंत्रातून एकेका रकान्यानं कार्डं फिरवत संध्याकाळपर्यंत गठ्ठा लावता आला. त्या दिवसापासून मी प्रत्येक गठ्ठ्याच्या माथ्यावर पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढायची. एक कार्ड जरी इकडचं तिकडे झालं तरी रेघ तुटलेली दिसते. तुझी कार्डं एकत्र धरून माथा बघ, कदाचित रेघ असेल.

ट्रंक ओलसर खोलीत ठेवू नकोस. मुंबईच्या पावसाळ्यात आमची कार्डं फुगायची आणि रीडरमध्ये, म्हणजे ती वाचणाऱ्या यंत्रात, अडकायची, म्हणून आम्ही ती आदल्या दिवशीच वातानुकूलित खोलीत आणून ठेवायचो. कार्डांना रबर लावू नकोस, कडा दुमडतात. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेव.

आणि एक बघ. कार्डाच्या उजव्या कडेला, शून्य आणि एक यांच्या मधोमध, अर्धगोल छोटी खाच आहे का? आमच्याकडे एक मुलगी कार्ड पंच करायची आणि दुसरी व्हेरिफायरवर तेच कार्ड घालून तोच मजकूर पुन्हा टाइप करायची. काही चुकलं असेल तर त्या रकान्याच्या डोक्यावर खाच पडायची. सगळं जुळलं तर उजव्या कडेला. तुझ्या कार्डांवर ती खाच सापडली तर दोन वेगवेगळ्या मुलींनी ते "पूना" अक्षर न अक्षर टाइप केलं होतं असं समज. किती कार्डांवर सापडली ते मला नक्की कळव.